विमानाचे पॉइंट: कंपनी ते ठरवते कशी, बदलते कशी आणि बेळगावहून उडणाऱ्याने काय करावं

"ताई, हे बघा की जरा. पॉइंट तेवढेच हायत. मागच्या महिन्यात दिल्ली बसत होती, आता बसंना झालीय."

खानापूर तालुक्यातला हा मुलगा आमच्याकडे सर्व्हिस इंजिनिअर आहे. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. खात्यातला एकही पॉइंट कमी झालेला नव्हता. वाढली होती ती तिकिटाची पॉइंटांतली किंमत. आई-वडिलांना एकदा विमानात बसवायचं म्हणून दीड वर्ष त्याने ते पॉइंट हात न लावता ठेवले होते, आणि नेमकं हात न लावणंच त्याला महागात पडलं.

उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात बाहेरगावी जाणाऱ्यांची तिकिटं मी काढते. दिल्ली, हैदराबाद, बेंगळूरु, अधूनमधून दुबई. कोणाचा सदस्य क्रमांक कुठे घालायचा, कोणाचे पॉइंट जमा झाले नाहीत, कोणाला लाउंजमध्ये (विमानतळावरच्या खास प्रतीक्षाकक्षात) घेतलं नाही, हे सगळं माझ्या टेबलावर येतं. त्या दिवशी त्याला जे समजावलं, तेच इथे नीट मांडते आहे. ज्याने नुकतंच खातं उघडलं आहे किंवा उघडायच्या विचारात आहे, त्याच्यासाठी.

पहिली पायरी: हातात नक्की काय आहे ते ओळखा

निपाणी-चिकोडीकडे ज्यांच्या गोठ्यात जनावरं आहेत, त्यांना दूध संस्थेचा दिवाळीचा फरक माहीत आहे. वर्षभर दूध घालायचं, दिवाळीला लिटरमागे वरचे पैसे हातात येतात. विमानाचे पॉइंट वरवर पाहता तसेच वाटतात: वर्षभर त्याच कंपनीने प्रवास करा, वरचं काहीतरी मिळेल. पण दूध संस्थेत तुम्ही सभासद असता. सभेत उठून "यंदा फरक कमी का?" असं विचारता येतं, निवडणुकीत मत देता येतं आणि फरक रुपयांत मिळतो. विमान कंपनीच्या योजनेत 'मेंबर' हा शब्द आहे, मत नाही. पॉइंट हे चलन कंपनीचंच, ते जिथे चालतं ती बाजारपेठ कंपनीची आणि भावही कंपनीच लावते.

बहुतेक योजनांच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं की पॉइंट ही सदस्याची मालमत्ता नाही आणि कंपनी नियम केव्हाही बदलू शकते. पतसंस्थेतल्या ठेवीला वारस लावता येतो. इथे बहुतेक ठिकाणी सदस्य वारला की खातं बंद होतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच असतं: याला बचत समजू नका.

दुसरी गोष्ट, खात्यात दोन वेगळे आकडे असतात आणि नवखा माणूस ते एकच समजतो. एक, खर्च करायचे पॉइंट किंवा माइल्स, ज्यावर तिकीट काढता येतं. दुसरा, दर्जा मोजण्याचे पॉइंट. त्यावर तुम्ही सिल्व्हर, गोल्ड होता. त्यातून जादा सामान, लवकर चेक-इन, लाउंज अशा सोयी मिळतात. दर्जाचा हिशेब ठरावीक काळाने, बहुधा दर वर्षी, पुन्हा शून्यापासून सुरू होतो. कंपनी कधी एकाला हात लावते, कधी दुसऱ्याला. बदलाची बातमी आली की आधी पाहा, कोणत्या आकड्याविषयी आहे.

दुसरी पायरी: नाव

ही पायरी कोणी लिहीत नाही, पण आपल्या भागात सगळ्यात जास्त पॉइंट इथेच बुडतात.

सीमाभागात एका माणसाचं नाव किती प्रकारे लिहिलं जातं, ते आपल्याला माहीत आहे. शाळेचा दाखला मराठी, रेशनकार्ड कन्नड, आधारवर कन्नड आणि इंग्रजी. समजा एखाद्याचं नाव मारुती यल्लाप्पा पाटील. आधारवर तो एम. वाय. पाटील, पासपोर्टवर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव आणि तिकीट दुकानातून काढलं तर तिथल्या मुलाने घाईत नुसतं 'मारुती पी'. विमान कंपनीचं संगणक हे तिघं एकच माणूस आहे असं मानत नाही. खात्यावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळलं नाही की पॉइंट जमा होत नाहीत. कधी नंतर भांडून मिळतात, कधी मिळत नाहीत.

तेव्हा पासपोर्ट असेल तर खातं पासपोर्टवरच्या नावाने, अक्षरन् अक्षर तसंच उघडा. नसेल तर विमानतळाच्या दारात जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरच्या नावाने. तो सदस्य क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा आणि तिकीट काढतानाच सांगा. आमच्याकडे मी प्रत्येकाच्या नावाची एक ओळ वहीत लिहून ठेवली आहे: आधी नाव, मग आडनाव, मग क्रमांक, त्याच क्रमाने. तिकीट काढताना त्या ओळीवर बोट ठेवून टाइप करते.

पॉइंट खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. मोबाइलवरचा असेल तर स्क्रीनशॉट ठेवा. राहिलेले पॉइंट मागण्याची मुदत काही महिन्यांचीच असते आणि मागताना पीएनआर, बहुतेकदा ई-तिकिटाचा १३ अंकी क्रमांकही लागतो. त्यातले पहिले तीन अंक कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८.

तिसरी पायरी: सांबऱ्याचा नकाशा समोर ठेवून खातं निवडा

पुण्या-मुंबईच्या माणसाला दिलेला सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. बेळगावचा सांबरा विमानतळ १९४२ सालचा, नवं टर्मिनल सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालं, पण इथून उडणाऱ्या कंपन्या मोजक्या. लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेत मार्ग मिळाले तेव्हा स्पाइसजेट, ट्रूजेट, अलायन्स एअर अशी नावं इथल्या बोर्डावर आली आणि गेली. त्या योजनेतलं अनुदान एका मार्गाला तीन वर्षं मिळतं. त्यानंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला तर राहिला. आता इथला भार मुख्यतः इंडिगो आणि स्टार एअर यांच्यावर आहे. स्टार एअर ही घोडावत समूहाची, म्हणजे आपल्या शेजारच्या कोल्हापूरकडची कंपनी. एअर इंडियासाठी गोवा, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते.

याचा अर्थ असा की पॉइंट कुठे जमवायचे हे बऱ्याच अंशी मार्गच ठरवतात. महिन्यातून एकदा दिल्ली किंवा हैदराबाद करणाऱ्याने इंडिगोचं ब्लूचिप खातं उघडावं. इंडिगोने ऑगस्ट २००६ ते २०२४ अशी अठरा वर्षं अशी योजना चालवलीच नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये ती जाहीर केली. ज्यांचं परदेशी जाणं एअर इंडियाने किंवा तिच्या भागीदार कंपन्यांनी होतं, त्यांनी महाराजा क्लब ही एअर इंडियाची योजना पाहावी. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे त्या गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या विमानाचे पॉइंटही तिथे जमा करता येतात. आखातात राहणाऱ्यांपैकी बरेच जण एमिरेट्सने येतात. ती तीन मोठ्या गटांपैकी कोणत्याच गटात नाही. तिचं स्कायवर्ड्स खातं वेगळं. तिथले माइल्स तीन वर्षांत वापरावे लागतात, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचेही तसंच.

खाती फुकट आहेत म्हणून पाच उघडू नका. एक, फार तर दोन. पाच ठिकाणी हजार-हजार पॉइंट पडून राहिले तर एकाही ठिकाणी तिकीट निघत नाही. आणि तिकीट काढण्याआधी त्या भाड्यावर पॉइंट मिळणार की नाही ते वाचा. सवलतीच्या काही भाड्यांवर कमी मिळतात, काहींवर मिळतच नाहीत.

चौथी पायरी: कंपनी काय पाहून ठरवते ते समजून घ्या

हे कळलं की पुढचे बदल आधीच हुंगता येतात, म्हणून इथे जरा थांबू.

एसटी स्टँडवरून सुटली की रिकाम्या सीटचे पैसे कधीच मिळत नाहीत. विमानाचंही तेच. रिकामी गेलेली जागा कंपनीला शून्य, त्या जागेवर पॉइंटवाला बसला तर कंपनीचा खर्च फार वाढत नाही. म्हणून कोणती जागा रिकामी राहणार याचा अंदाज बांधणारा विभाग कंपनीत असतो आणि पॉइंटवर किती जागा सोडायच्या हे त्याच अंदाजावर ठरतं. आता आपलं विमान पाहा. स्टार एअरच्या लहान एम्ब्रायरमध्ये ५० जागा, इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८. एवढ्याशा विमानात रिकामं काय राहणार? त्यातून डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरलं की बेंगळूरुची विमानं मंत्री, अधिकारी, पत्रकारांनी भरतात. गणपतीत आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याचे लोक गावी येतात. अशा दिवसांत पॉइंटवर स्वस्त जागा शोधणं व्यर्थ. फेब्रुवारीतला मधल्या वारचा दिवस पाहा, जुलैतला पावसाचा आठवडा पाहा. तिथे फरक दिसतो.

दुसरी गोष्ट मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली. कंपनी पॉइंट फक्त प्रवाशाला देत नाही, बँकेला विकतेही. क्रेडिट कार्डावर जे माइल्स मिळतात, त्यांचे रोख पैसे बँकेने विमान कंपनीला मोजलेले असतात. हा धंदा केवढा मोठा आहे ते कोरोनात दिसलं. विमानं जमिनीवर होती, तिकीटविक्री आटली होती आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या डेल्टा या विमान कंपनीने आपली पॉइंट योजना तारण ठेवून ९ अब्ज डॉलर उभे केले. युनायटेडने त्याच वर्षी ६.८ अब्ज, अमेरिकन एअरलाइन्सने २०२१ मध्ये १० अब्ज. विमानं तारण ठेवून नव्हे, पॉइंटांची योजना तारण ठेवून! म्हणून कंपनीच्या डोळ्यांसमोर ग्राहक दोन असतात: एक तुम्ही आणि दुसरी बँक. पुष्कळ बदल बँकेबरोबरच्या कराराने होतात, प्रवाशाने कितीही प्रामाणिकपणे प्रवास केला असला तरी.

तिसरी गोष्ट हिशेबाच्या वहीतली. तुम्ही न वापरलेले पॉइंट कंपनीच्या वहीत देणं म्हणून बसतात. आपल्याकडे १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या इंड एएस ११५ या हिशेबाच्या नियमानुसार तिकिटाच्या पैशातला पॉइंटांचा वाटा लगेच उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. पॉइंट वापरले किंवा बाद झाले की तो उत्पन्नात येतो. सगळेच पॉइंट वापरले जाणार नाहीत, हेही कंपनी गृहीत धरते आणि किती बुडतील याचा अंदाज बांधते. देणं फार साचलं की ते हलकं करायचे मार्ग दोन: पॉइंटांची मुदत आवळायची किंवा तिकिटाची पॉइंटांतली किंमत वाढवायची. दुसरा मार्ग जास्त वापरला जातो, कारण खात्यातला आकडा तसाच राहतो आणि माणसाच्या लगेच लक्षात येत नाही. आमच्या खानापूरच्या मुलाचं नेमकं हेच झालं.

चौथं कारण गर्दीचं. गोल्ड, प्लॅटिनम फार झाले की लाउंजबाहेर रांग लागते आणि सोयीला सोय म्हणता येत नाही. मग दर्जाची अट वाढवतात. सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टाने दर्जा फक्त खर्चावर मोजायचं ठरवलं, लाउंजच्या फेऱ्यांवरही मर्यादा घातली. प्रवाशांचा इतका राग उसळला की कंपनीचे प्रमुख एड बॅस्टियन यांनी आपण फार पुढे गेलो असं मान्य केलं आणि ऑक्टोबरात काही अटी सैल केल्या. म्हणजे आरडाओरडा अगदीच वाया जात नाही. पण सैल झाल्या त्या काहीच, सगळ्या नाहीत.

पाचवं, चढाओढ. या योजनांचा जन्मच चढाओढीतून झाला. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठलं, कंपन्या एकमेकींचं गिऱ्हाईक ओढू लागल्या आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना आणली. त्याच महिन्यात युनायटेडने. आपल्याकडे इंडिगोने २०२४ मध्ये बिझनेस क्लास आणि पॉइंट योजना दोन्ही एकदमच जाहीर केली, तेव्हा समोर टाटांच्या हाती आलेली एअर इंडिया होती. जिथे दोन कंपन्या एकाच मार्गावर असतात तिथे हात सैल असतो. सांबऱ्याहून एका गावाला एकच कंपनी जात असेल, तर तिला तुम्हाला खूश ठेवायची घाई नसते. हे कडू आहे, पण खरं आहे.

पाचवी पायरी: किती अंतर गेलात, की किती पैसे दिलेत?

गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हा. पूर्वी पॉइंट मैलांवर मिळत, म्हणूनच त्यांना माइल्स म्हणतात. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने ते भाड्याच्या रकमेवर द्यायला सुरुवात केली, २०१६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने. एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये तोच रस्ता धरला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंट एकास एक दराने इकडे आले आणि योजनेचं नाव महाराजा क्लब झालं. ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून दर्जाही खर्चावर नेला.

आमच्याच ऑफिसचं उदाहरण घ्या. समजा इंजिनिअरचं दिल्लीचं तिकीट मी महिनाभर आधी ५,००० रुपयांत काढलं आणि साहेबांचं आदल्या दिवशी १४,००० ला. विमान तेच, रांगही मागेपुढे. जुन्या पद्धतीत दोघांना सारखेच माइल्स मिळाले असते. नव्या पद्धतीत साहेबांना जवळजवळ तिप्पट. काटकसरीने, स्वतःच्या खिशातून, आधी ठरवून जाणाऱ्या माणसाच्या हाती नव्या पद्धतीत कमी पडतं. विद्यार्थी, सुट्टीवर येणारा मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान, आखातातून दोन वर्षांनी येणारा फिटर, हे सगळे यात आले. त्यांनी दर्जाच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जादा सामान हवं तर सरळ पैसे भरून आधी घ्यावं. गोल्ड होण्यासाठी महाग तिकीट काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आणखी एक. पॉइंट मोजताना तिकिटाची पूर्ण रक्कम धरत नाहीत. विमानतळाचे आकार, सरकारी कर त्यातून वगळले जातात.

सहावी पायरी: एका पॉइंटची किंमत स्वतः काढा

कंपनी सांगते त्यावर जाऊ नका. कागद-पेन्सिल घ्या. ज्या तारखेला जायचं त्या तारखेचं रोख तिकीट किती? समजा ६,२००. तेच तिकीट पॉइंटवर ९,००० पॉइंट आणि वर कर म्हणून १,१०० रुपये. म्हणजे पॉइंटांनी तुमचे ५,१०० रुपये वाचवले. ५,१०० भागिले ९,०००, एका पॉइंटला साधारण ५७ पैसे.

हा आकडा तारीख घालून वहीत लिहा. दर दोन-तीन महिन्यांनी त्याच मार्गाचा पुन्हा काढा. ५७ चे ४० झाले की समजायचं, बदल झाला आहे, सूचना आली असो वा नसो. पूर्वी कंपन्या तक्ते छापत: इतक्या अंतराला इतके माइल्स. डेल्टाने २०१५ मध्ये तक्ता काढून टाकला, नंतर इतरांनीही. आता रोख भाडं चढलं की पॉइंटांतली किंमतही चढते, त्यामुळे बदल जाहीर करायची गरजच पुष्कळदा उरत नाही. तुमची वही हाच तुमचा तक्ता.

पॉइंटवर वस्तू घेऊ नका. मिक्सर, बॅग, व्हाउचर यांवर एका पॉइंटचा भाव बहुतेक वेळा तिकिटापेक्षा कमी पडतो. तरी पटत नसेल तर हाच भागाकार त्या वस्तूवर करून पाहा.

सातवी पायरी: बदलाची सूचना वाचायला शिका

एका कंपनीत माझे स्वतःचे पॉइंट मुदत संपून गेले. मेल आला होता. जाहिरातींच्या फोल्डरमध्ये पडला होता, मथळ्यात नव्या ऑफरचं काहीतरी होतं आणि मुदतीची ओळ खाली बारीक अक्षरांत. दोन वर्षांचा प्रवास होता तो. मुलीला बेंगळूरुला कॉलेजात सोडायला जाताना वापरायचे, असं मनात धरलं होतं. तेव्हापासून विमान कंपनीचा प्रत्येक मेल मी शेवटच्या ओळीपासून वर वाचते.

सूचनेत तीन गोष्टी शोधा. बदल कोणत्या तारखेपासून लागू? ती तारीख तिकीट काढण्याची की प्रवासाची? आणि जुन्या पॉइंटांना नवा नियम लागतो की फक्त नव्याने मिळणाऱ्यांना? यातला मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तारीख तिकीट काढण्याची असेल, तर आदल्या दिवसापर्यंत जुन्या भावाने पुढच्या कित्येक महिन्यांचं तिकीट काढून ठेवता येतं.

सूचना सजवलेल्या भाषेत येते. 'अधिक पर्याय', 'सुधारित अनुभव', 'सोपी रचना' असे शब्द दिसले की काय वाढलं ते वाचून झाल्यावर काय गाळलं ते शोधा. जुन्या अटींचं पान आधीच सेव्ह केलेलं असेल तरच ते सापडतं. मी दर १ जानेवारीला आणि १ एप्रिलला आमच्या दोन्ही योजनांच्या अटींची पानं सेव्ह करते, कारण पुष्कळ बदल वर्षाच्या किंवा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला लागू होतात.

आठवी पायरी: साठवू नका, वापरा

पॉइंटांवर व्याज चढत नाही. भाव मात्र उतरतो. म्हणून आधी हेतू ठरवा: अमुक माणसं, अमुक गाव, साधारण अमुक महिना. तेवढे जमले की तिकीट काढून मोकळं व्हा. रद्द केल्यास पॉइंट परत मिळतात का आणि किती शुल्क लागतं, ते काढण्याआधी पाहून ठेवा. वर्ष-दोन वर्षांपेक्षा जास्त काळ साठवणं मला कोणत्याही योजनेत शहाणपणाचं वाटत नाही.

कंपनीच बुडाली तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या किंग क्लबचे पॉइंट लोकांच्या हातात तसेच राहिले. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, पण तिची जेटप्रिव्हिलेज योजना वेगळ्या कंपनीत होती आणि २०१४ पासून त्यात एतिहाद या दुसऱ्या विमान कंपनीचा ५०.१ टक्के वाटा होता. म्हणून ती इंटरमाइल्स या नावाने तरली. पॉइंट राहिले, पण ज्या विमानासाठी जमवले होते ते विमान उरलं नव्हतं.

आमच्या मुलाने काय केलं? दिल्लीचा हट्ट सोडला. त्याच पॉइंटांत जुलैतल्या एका बुधवारी हैदराबादची दोन तिकिटं बसत होती. आई-वडील दोघांची काढली, कर रोख भरला आणि परतीला रेल्वे. वडिलांनी खिडकीची जागा मागितली होती, ती वेब चेक-इन उघडल्या उघडल्या मिळाली.

नववी पायरी: क्रेडिट कार्ड, थोडक्यात

पॉइंटांसाठी कार्ड घेऊ नका. कार्ड आधीच वापरत असाल आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरत असाल, तरच विचार करा. एक महिना जरी बिल थकलं, तरी व्याज सगळे पॉइंट खाऊन वर उरतं. शिवाय इथे बदल करणारे हात दोन, विमान कंपनीचा आणि बँकेचा. १ सप्टेंबर २०२३ पासून ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर ५ पॉइंटांना मिळणारे ४ माइल्स २ वर आले, एका दिवसात निम्मे. विमानतळावरच्या लाउंजसाठीही आता अनेक बँका आधीच्या तिमाहीतला खर्च पाहतात. निघण्याआधी तपासा, दारात नव्हे.

दहावी पायरी: तक्रार

नियम बदलला म्हणून दाद मिळेल का? अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोनदा गेला. १९९५ मध्ये वोलेन्स खटल्यात न्यायालयाने म्हटलं की कंपनीने स्वतः दिलेलं वचन मोडलं असेल तर कराराचा दावा चालेल. २०१४ मध्ये नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग खटल्यात मात्र ठरलं की कंपनी चांगुलपणाने वागली नाही, एवढ्याच तक्रारीवर दावा चालणार नाही. म्हणजे 'हे न्याय्य नाही' या वाक्याला तिथे बळ नाही, 'तुम्ही हे लिहून दिलं होतं' याला आहे.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्यायकारक कराराची व्याख्या आहे, पण तक्रार करताना तुमचीही बाजू लेखी असेल तितकी ती उभी राहते. न मिळालेले पॉइंट, चुकून वजा झालेले पॉइंट, रद्द झालेल्या विमानाचे परत न आलेले पॉइंट या तक्रारी धरून लावल्या तर सुटतात. माझ्या टेबलावरून गेलेल्या बहुतेक सुटल्या आहेत. आधी कंपनीच्या ॲपवर किंवा मेलवर तक्रार टाका आणि तक्रार क्रमांक घ्या. उत्तर नाही आलं, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला तोच क्रमांक देऊन लिहा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तो बेळगावातच आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही.

१९१५ वर मराठीत बोलता येतं, हे आपल्याकडच्या पुष्कळांना माहीत नसतं आणि इंग्रजी किंवा कन्नड जमणार नाही म्हणून ते फोनच लावत नाहीत. लावा. त्याआधी सदस्य क्रमांक, पीएनआर, प्रवासाची तारीख आणि कंपनीने दिलेला तक्रार क्रमांक एका कागदावर लिहून समोर ठेवा, म्हणजे विचारलं की लगेच सांगता येतं.